इम्पाला एसएस आणि गॅलॅक्सी ५०० एक्सएल

अमेरिकेतील १९६०च्या दशकातल्या पूर्ण आकाराच्या दोन वेगवान मोटारी. पहिली शेव्हरोलेची, दुसरी फोर्डची. दोहोंच्या पुढच्या-मागच्या आसांतील अंतर ११९ इंच (सु. ३ मी.). संग्राहकांत तुलना होते ती मुख्यतः १९६१–६४ मधील गाड्यांची.

एसएस (सुपर स्पोर्ट) हा इम्पालावर ऐच्छिक मिळणारा साजसंच १९६१च्या मध्यास आला. त्या वर्षी सु. ४५३ गाड्या निघाल्या व त्यांपैकी १४२ मध्ये ४०९ घनइंची इंजिन होते, असे सामान्यतः मानतात. हीच पहिली ‘मसल कार’ (मोठ्या इंजिनाची वेगवान अमेरिकी मोटार), असे काहींचे मत आहे. तथापि मध्यम आकाराच्या गाडीत मोठे इंजिन ही खूण धरल्यास तो मान १९६४च्या पाँटिअ‍ॅक जीटीओकडे जातो व हे मत अधिक ग्राह्य वाटते.

४०९ इंजिनाचे वैशिष्ट्य म्हणजे इंजिनाच्या ठोकळ्याचा माथा सिलिंडरच्या अक्षाशी काटकोनात नसून ७४ अंशांत कापलेला असे. हेडचा (सिलिंडरवरील झाकणाचा) तळ जवळजवळ सपाट असल्याने ज्वलनकक्ष सिलिंडरच्याच वरच्या भागात तयार होई. दोन कार्ब्युरेटरांसह (इंधन व हवा मिसळणारे भाग) १९६२ मध्ये त्याची जाहीर शक्ती ४०९ अश्वशक्ती होती. १९६३ मध्ये ती ४२५ झाली. फोर्डने त्याच वर्षी ४२७ इंजिन आणून तोच आकडा जाहीर केला. ४.२३ इंच व्यास व ३.७८ इंच स्ट्रोक (दट्ट्याची धाव) यांवरून त्याचे आकारमान ४२५ घनइंचच भरते. ४२७ हे नाव बहुधा शर्यतींतील सात लिटरच्या मर्यादेशी जुळते म्हणून घेतले असावे. त्याच्या क्रँकशाफ्टला धरणाऱ्या मुख्य बेअरिंगच्या कॅपांना बाजूनेही बोल्ट असत. १९६३च्या डेटोना ५०० या अमेरिकेतील मोटारशर्यतीत पहिले पाचही क्रमांक फोर्डचे होते. विजेता टायनी लुंड. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने त्याआधीच, जानेवारीत, शर्यतींतून अंग काढून घेतले होते, हे त्या निकालाचे मोल ठरवताना ध्यानात घ्यावे.

खरा पेच अस्सलपणाचा आहे. १९६२ पासून एसएस संच सहा सिलिंडरच्या इम्पालावरही मिळे. नुसत्या बिल्ल्यावरून काहीच ठरत नाही. १९६२–६३च्या चासी क्रमांकावरून इंजिन सहा सिलिंडरचे की व्ही-८ (‘व्ही’ आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे) एवढेच कळते. कोणते व्ही-८, किंवा गाडी एसएस आहे का, हे कळत नाही. एसएसला स्वतंत्र मालिका क्रमांक १९६४ मध्ये मिळाला. इंजिनावरील ‘क्यू’ने सुरू होणारी अक्षरे ४०९ दर्शवतात, पण इंजिन बदलता येते आणि अक्षरे नव्याने ठोकताही येतात. म्हणून विक्रीच्या वेळचे मूळ कागद नसलेल्या ४०९ची भारी किंमत देणे धाडसाचे. फोर्डच्या क्रमांकात पाचवे अक्षरच इंजिनाचे असते: ‘क्यू’ म्हणजे एका कार्ब्युरेटरचे ४२७, ‘आर’ म्हणजे दोनांचे. या एका बाबतीत गॅलॅक्सी निश्चित उजवी ठरते.

सांगाड्यातही फरक आहे. १९६४ पर्यंतच्या इम्पालाची चासी एक्स आकाराची, बाजूच्या पट्ट्यांविना. गॅलॅक्सीला त्या आहेत. नव्याने बनवलेले सुटे भाग मात्र इम्पालासाठी अधिक सहज मिळतात.