फुप्फुसातील गाठींची सोनोग्राफी

फुप्फुसातील गाठ किंवा घट्ट झालेला भाग साधा आहे की कर्करोगाचा, याचा अंदाज श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने घेण्याची पद्धत. खोलवरचे पाहण्यासाठी साधारणतः २ ते ५ मेगाहर्ट्झच्या, तर छातीच्या भिंतीलगतचे बारकाईने पाहण्यासाठी त्याहून अधिक कंप्रतेच्या लहरी वापरतात.

निरोगी फुप्फुस हवेने भरलेले असते आणि ऊतक व हवा यांच्या सीमेवरून ध्वनिलहर जवळजवळ सगळीच परत फिरते. त्यामुळे पडद्यावर फुप्फुस दिसत नाही. दिसते ती फुप्फुसावरणाची एक चकचकीत, श्वासाबरोबर सरकणारी रेघ आणि तिच्याखाली समान अंतरावर उमटलेली तिचीच प्रतिबिंबे. गाठ या आवरणाला टेकलेली असेल, मध्ये हवेचा थर नसेल, तरच ती दिसते. चारी बाजूंनी हवेने वेढलेली गाठ लिंबाएवढी असली तरी या तपासणीत सापडत नाही, म्हणून सोनोग्राफी स्वच्छ आली यावरून फुप्फुसही स्वच्छ आहे असे मानता येत नाही. फासळ्या आणि खांद्याचे पाते हेही आड येतात. यासाठी रुग्णाला स्टुलावर बसवून त्या बाजूचा हात विरुद्ध खांद्यावर ठेवायला सांगतात, म्हणजे पाते बाजूला सरते. मग जेली लावून प्रोब (ध्वनिलहरी सोडणारे व टिपणारे हातात धरायचे उपकरण) दोन फासळ्यांच्या फटीत धरतात आणि ‘श्वास घ्या, सोडा, आता धरून ठेवा’ असे सांगत एकेक फट तपासत खाली येतात.

न्यूमोनियात वायुकोशांत हवेच्या जागी द्रव भरतो आणि तेवढा भाग पडद्यावर यकृतासारखा दिसू लागतो. त्यात श्वासनलिकांमधली हवा पांढऱ्या फांद्यांसारखी चमकते. श्वास घेताना ती पुढे सरकताना दिसली तर नळी मोकळी आहे आणि दुखणे बहुधा साधे आहे, असा तर्क करतात. रक्तप्रवाह रंगांत दाखवणाऱ्या डॉपलर तपासणीत अशा भागातील रक्तवाहिन्या नेहमीच्या रीतीने फाटे फुटत गेलेल्या असतात. रक्ताची गुठळी अडकून निर्जीव झालेला भाग आवरणाकडे पाया असलेल्या त्रिकोणासारखा व रक्तप्रवाह नसलेला दिसतो. कर्करोगाची गाठ बहुधा गोलसर व काळपट असते. तिच्यात हवेच्या फांद्या क्वचितच दिसतात, कडा आसपासच्या फुप्फुसात घुसलेल्या असू शकतात आणि रक्तवाहिन्या बाजूला ढकललेल्या किंवा वेड्यावाकड्या असतात. यांतली सर्वांत बोलकी खूण म्हणजे गाठीने आवरण ओलांडून छातीच्या भिंतीत शिरणे : गाठ श्वासाबरोबर सरकत नाही आणि फासळीची पांढरी रेघ मध्येच तुटलेली दिसते. हालचाल प्रत्यक्ष दिसत असल्याने या एका प्रश्नापुरती सोनोग्राफी सीटी स्कॅनच्या तोडीची, कधी सरसही ठरते. मात्र जुन्या क्षयाने आवरणे एकमेकांना चिकटलेली असली तरी सरकणे थांबते. उलट, मधल्या भागातील गाठीने श्वासनलिका बुजवली तर तिच्यामागचे फुप्फुस आखडून न्यूमोनियासारखे दिसते आणि खरी गाठ त्याआड लपून राहते.

ग्रामीण विदर्भात या तपासणीची खरी गाठ पडते ती क्षयाशी. खोकला, बारीक ताप, वजन घटणे, बेडक्यातून रक्त पडणे ही लक्षणे क्षय आणि कर्करोग या दोन्ही आजारांत सारखीच असतात. छातीच्या फोटोत डाग दिसला की आधी क्षयाचा विचार होतो आणि तो बरेचदा बरोबरही निघतो. पण बेडक्यात जंतू न सापडताच सुरू केलेल्या गोळ्यांवर महिने निघून जातात आणि तोवर कर्करोग पसरलेला असतो. भंडारा-गोंदिया पट्ट्यात तेंदूपत्ता आणि विडी वळण्याचा धंदा जुना आहे. खर्रा (तंबाखू-सुपारीचे चघळायचे मिश्रण) मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरतो. फुप्फुसाच्या बाबतीत विडीची आणि चुलीच्या धुराची चौकशी करावी लागते, आणि बाईने ‘मी विडी ओढत नाही’ म्हटले की चुलीबद्दल विचारायचे बहुधा राहून जाते.

शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचे द्रावण देऊन केलेली सोनोग्राफी आणखी एक धागा देते. फुप्फुस-रोहिणीतून रक्त मिळणारा भाग लवकर उजळतो. कर्करोगाच्या गाठीला पुष्कळदा महारोहिणीकडून येणाऱ्या श्वासनली-रोहिण्यांचे रक्त मिळते, म्हणून ती उशिरा उजळते. गाठीचा कठीणपणा मोजणारी इलास्टोग्राफीही आहे. दोन्हींत साध्या आणि कर्करोगाच्या गाठींची लक्षणे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे केवळ चित्रावरून निकाल देणे धाडसाचे ठरते. मध्यभागातील गाठी व लसीकाग्रंथी पाहण्यासाठी श्वासनलिकेत उतरणाऱ्या दुर्बिणीच्या टोकाला प्रोब बसवलेला असतो.

सोनोग्राफी यंत्र केवळ छातीसाठी वापरायचे असले तरी त्याची नोंदणी १९९४ च्या गर्भलिंगनिदान-प्रतिबंधक कायद्याखाली करावी लागते. लहान, हातात मावणारी यंत्रे मिळत असली तरी ती वाटेल तशी गावोगाव नेता येत नाहीत. हा जाच वाटला तरी कायद्यामागचे कारण गंभीर आहे.

अंतिम निदान ऊतकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते, आणि सोनोग्राफीचा सर्वांत मोठा उपयोग तो तुकडा काढण्यात आहे. जागा बधिर करून, पडद्यावर सुईचे टोक पाहत, फासळीच्या वरच्या कडेला लागून सुई आत घालतात, कारण रक्तवाहिन्या आणि चेता खालच्या कडेने जातात. सुई हवेच्या भागातून न जाता थेट गाठीत शिरते, त्यामुळे छातीत हवा शिरण्याचा धोका कमी राहतो. पाण्याने भरलेली, आत लहान पिशव्या असलेली गाठ दिसली तर मात्र हायडॅटिडची (फीतकृमीच्या अळीमुळे होणाऱ्या पाणगाठीची) शंका घेऊन सुई घालण्याचे टाळतात. ती फुटल्यास तीव्र ॲलर्जी होऊ शकते. काढलेला तुकडा तपासण्याची सोय सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (१९६९), सावंगी आणि नागपूर येथील शिक्षण-रुग्णालयांत आहे. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड किंवा एटापल्लीकडच्या रुग्णाला त्यासाठी दूरचा प्रवास करावा लागतो. म्हणून अनुभवी डॉक्टर छाती पाहून झाल्यावर तोच प्रोब गळपट्टीच्या हाडाच्या वर ठेवतात : तेथे सुजलेली ग्रंथी सापडली तर नमुना तिच्यातूनच घेता येतो आणि फुप्फुसाला हात लावावाच लागत नाही.