गोवराची लस आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’: ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांच्या निर्णयाची पार्श्वभूमी

हार्बर मार्गावर गोवंडी आणि वाशी यांच्यामध्ये एकच स्टेशन आहे, मानखुर्द. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर गोवंडीत गोवराने लहान मुलं दगावल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि काही आठवड्यांत भिवंडी, ठाणे, नवी मुंबई या महापालिकांच्या हद्दीतही गोवराचे रुग्ण सापडले. आरोग्यसेविका आणि आशा घरोघर फिरू लागल्या. लस न मिळालेल्या मुलांच्या घरी स्पष्ट ‘नको’ म्हणणारे थोडे निघतात. जास्त ऐकू येतं ते ‘गावाला गेलो होतो’, ‘बाळाला सर्दी होती’, ‘सासूबाई नको म्हणाल्या’, ‘पुढच्या महिन्यात बघू’. या प्रत्येक उत्तराला स्वतःचा इतिहास आहे. सगळ्यांना ‘अज्ञान’ असं एकच नाव दिलं की कुठल्याच उत्तराशी नीट बोलता येत नाही.

आजीपासून सुरुवात करू. लस येण्यापूर्वी गोवर जवळजवळ प्रत्येक मुलाला व्हायचा. ‘गोवर निघाला’ म्हटलं की उशाशी कडुलिंबाचा पाला, हलकं खाणं, घरात शांतता आणि ‘पुरळ पूर्ण बाहेर येऊ दे’ असा सल्ला. बहुतेक मुलं बरी होत, म्हणून ‘आम्हाला सगळ्यांना झाला होता’ हे आजीचं वाक्य खोटं नाही. पण ते वाक्य वाचलेल्यांच्या तोंडून येतं. गोवराच्या पाठोपाठ होणारा न्यूमोनिया, जुलाब, कानाचा संसर्ग यांनी गेलेल्या मुलांची नोंद घरात ‘न्यूमोनियाने गेला’ अशी राहते. गोवरामुळे शरीराची जुन्या आजारांविरुद्धची प्रतिकारस्मृतीही पुसट होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या आधीच्या प्रतिपिंडांपैकी (आजारांशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांपैकी) ११ ते ७३ टक्के नाहीशी झाल्याचं दिसलं. गोवर होऊन गेलेलं मूल पुढे कित्येक महिने सारखं आजारी का पडतं, याचं उत्तर इथे आहे. हे आजीला सांगितलं तर तिला ते पटकन कळतं, कारण तिने तशी मुलं पाहिलेली असतात.

लसीशी आपल्या भागाची ओळख दोनशे वर्षांहून जुनी आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतात यशस्वीपणे टोचलेली ती पहिली लस. पुढे १८७७ मध्ये मुंबई शहरासाठी आणि १८८० मध्ये केंद्रीय पातळीवर लसीकरणाचे कायदे झाले आणि ‘देवी काढणं’ जिथे कायदा लागू केला तिथे सक्तीचं झालं, दंडासकट. १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला, १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. त्या सक्तीची एक सवय मात्र मागे उरली: सरकारी माणूस येतो, टोचतो, जातो, पालकांना समजावून सांगायची गरज कुणाला वाटत नाही. आणीबाणीतल्या जबरदस्तीच्या नसबंदीने त्यात खोल संशय मिसळला. ‘या सुईने मुलं पुढे वांझ होतील’ ही अफवा दर मोठ्या मोहिमेच्या वेळी पुन्हा उठते, तेव्हा तिचा अर्धा दारूगोळा त्या आठवणीतून आलेला असतो. गोवराच्या लसीला आज सक्तीचा कायदा नाही. ती पालकांच्या संमतीवरच चालते आणि तेच योग्य आहे.

गोवराच्या लसीची स्वतःची गोष्ट १९५४ मध्ये बॉस्टनजवळच्या एका शाळेत सुरू झाली. थॉमस पीबल्स यांनी गोवर झालेल्या विद्यार्थ्यांचे नमुने घेतले आणि जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड एडमन्स्टन या मुलाच्या नमुन्यातून विषाणू वेगळा झाला. तो पेशींमध्ये पुन्हापुन्हा वाढवत दुबळा करण्यात आला आणि १९६३ मध्ये अमेरिकेत लसीला परवाना मिळाला. भारतात वापरला जाणारा एडमन्स्टन-झाग्रेब हा प्रकार त्याच वंशातला. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट हीच लस बनवते, म्हणजे ठाण्याच्या बाळाला मिळणारी कुपी बहुधा घाटावरून उतरलेली असते. देशाच्या १९७८ च्या लसीकरण कार्यक्रमात गोवर नव्हता. १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तो आला, एका मात्रेने. दुसरी मात्रा यायला २०१० उजाडलं. २०१७ पासून त्यात रुबेला जोडून एमआर लस टप्प्याटप्प्याने सुरू झाली. रुबेला मुलाला फारसा त्रास देत नाही, पण गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला झाला तर बाळ बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयदोष घेऊन जन्मू शकतं.

‘नऊ महिन्यांनीच का? जन्मल्यावर इतर लसींबरोबर का नाही?’ हा प्रश्न पालक विचारतात आणि तो चांगला प्रश्न आहे. गरोदरपणात आईची प्रतिपिंडं बाळाकडे जातात. ती काही महिने बाळाला सांभाळतात, पण लसीतल्या दुबळ्या विषाणूलाही तीच मारतात. लवकर टोचलं तर लस वाया जाते, उशीर केला तर बाळ उघडं पडतं. नऊ महिने ही दोन्हींमधली तडजोड आहे. नऊ महिन्यांना दिलेली मात्रा साधारण ८५ टक्के मुलांमध्ये लागू पडते. शंभरातली पंधरा मुलं टोचूनही असुरक्षित राहतात आणि ती कोणती हे बाहेरून ओळखता येत नाही. १६ ते २४ महिन्यांमधली दुसरी मात्रा मुख्यतः या पंधरांसाठी आहे. ती ‘बूस्टर’ आहे, राहिली तरी चालेल, असा समज आपल्याकडे खूप पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

निदान ९५ टक्के मुलं सुरक्षित हवीत हा आग्रह कुठून आला, तेही साध्या हिशेबात बसतं. कुणालाच संरक्षण नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या चार दिवसांपर्यंत तो पसरतो, आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. अठरा जणांपैकी सतरा सुरक्षित असतील तरच साखळी तुटते; सतरा भागिले अठरा म्हणजे ९४.४ टक्के. दहा बाय दहाच्या खोल्या, सामायिक जिने, बंद खिडक्यांची शाळेची व्हॅन अशा ठिकाणी त्यात सूट मिळत नाही.

महाराष्ट्रात एमआर मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांखालची सगळी मुलं, आधी शाळांमधून. शाळेत टोचणं ही आरोग्य खात्याची सोय होती; अनेक पालकांना मात्र वाटलं की निर्णय त्यांच्या हातून काढून घेतला. व्हॉट्सॲपवर वांझपणाचे संदेश फिरले. इंग्रजी शाळांतल्या पालकांचा आक्षेप वेगळा होता: ‘आम्ही खासगी डॉक्टरकडे एमएमआर घेतली आहे, पुन्हा कशाला?’ (एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस.) याचं उत्तर सरळ होतं. आधी संरक्षण असेल तर जादा मात्रा अपाय करत नाही, आधीची लस लागू पडलेली नसेल तर ती भरून काढते. ते उत्तर सूचनेच्या कागदावर दोन ओळींत मावलं असतं. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथली शाळांमधली मोहीम पालकांच्या संमतीवाचून चालवता येणार नाही असा निर्णय दिला आणि दुष्परिणामांसह पूर्ण माहिती देण्यावर भर दिला. लसीकरणाच्या बाजूने काम करणाऱ्यांनी हा निर्णय पराभव मानू नये. विचारून घेतलेली संमती पुढच्या मात्रेलाही टिकते.

घोडबंदर रोड किंवा पाम बीच रोडवरच्या सोसायट्यांत जी शंका ऐकू येते, तिचा उगम लंडनमध्ये आहे. २८ फेब्रुवारी १९९८ रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा बारा मुलांवरचा लेख आला आणि एमएमआर लशीचं नाव ऑटिझमशी जोडलं गेलं. माहिती फिरवल्याचं आणि हितसंबंध लपवल्याचं उघड झालं. २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आलं. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या ६,५७,४६१ मुलांच्या अभ्यासात लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझम जास्त आढळला नाही. तरी शंका टिकते, कारण ऑटिझमची लक्षणं आईबापांच्या लक्षात येतात ती बहुधा दीड-दोन वर्षांच्या सुमारास, आणि दुसऱ्या मात्रेचं वयही नेमकं तेच. ज्या घरात हे घडलं त्या आईला तारखांची सांगड दिसते. तिला आकडेवारीआधी ही गोष्ट समजावून सांगायला हवी.

लसीबद्दलची एक भीती मात्र वस्तुस्थितीवर उभी आहे: हाताळणीतली चूक. २०१८ मध्ये प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशात परिचारिकांनी लसीची पूड पाण्याऐवजी भुलीच्या वेळी वापरायच्या, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात कालवली आणि दोन बाळं गेली. लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण घसरलं, आणि २०१९ च्या साथीत त्या छोट्या देशात ८३ माणसं मेली, बहुतेक लहान मुलं. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यात एमआर टोचल्यानंतर बाळं दगावली, तिथेही प्राथमिक चौकशीत बोट हाताळणीकडेच गेलं. म्हणून कुपीचे नियम पालकांनाही माहीत असावेत. लस कोरड्या पुडीच्या रूपात येते, सोबत तिचं स्वतःचं पाणी येतं. दुसरं कुठलंही पाणी चालत नाही, आणि पुडीइतकंच तेही २ ते ८ अंशांत थंड हवं; गरम पाण्याने जिवंत विषाणू मरतो. कालवल्यावर चार तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, उरलेली कुपी टाकायची. तिच्यात जंतू मारणारं रसायन नसतं, शिळ्या कुपीत जंतू वाढतात आणि त्यातून बाळाला घातक विषबाधा होऊ शकते. पोलिओ किंवा पेंटाची (पाच आजारांवरच्या एकत्र लसीची) उघडी कुपी पुढच्या सत्राला चालते, एमआरची नाही. कुपीवर उघडल्याची वेळ लिहिलेली असावी. कुपीवरच्या तापमान दाखवणाऱ्या खुणेत आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असावा. मात्रा ०.५ मिली, उजव्या दंडात, त्वचेखाली, प्रत्येक बाळाला नवीन सिरिंज. ‘कुपी किती वाजता उघडली?’ असं विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगली परिचारिका कुपी पुढे करून दाखवते.

याच नियमाने एक अडचणही येते. कुपी पाच किंवा दहा मात्रांची असते, आणि केंद्रावर एकच बाळ आलं तर ‘गुरुवारी या’ म्हणून परत पाठवलं जातं. एका बाळासाठीही कुपी उघडावी अशीच सूचना आहे, तरी हे घडतं. तुर्भ्याच्या दगडखाणीवर किंवा नाक्यावर रोजावर काम करणाऱ्या आईचा एक खाडा झालेला असतो, दुसरा ती करत नाही. वीटभट्टीची कुटुंबं दिवाळीनंतर गाव सोडतात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. बाळाचे नऊ महिने भट्टीवर भरतात. या घरांत ‘नको’ कुणीच म्हटलेलं नसतं.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने सांगितलं की जिथे नऊ महिन्यांखालच्या बाळांचं प्रमाण रुग्णांमध्ये दहा टक्क्यांवर आहे तिथे सहा महिन्यांपासूनच एक मात्रा द्यावी. तिला ‘झिरो डोस’ म्हणतात, कारण ती मोजत नाहीत. पुढच्या दोन्ही मात्रा ठरल्या वेळी घ्याव्याच लागतात. मात्र ‘गोवराची झाली’ असं समजून काही पालक नवव्या महिन्यात फिरकत नाहीत. साथीत मूल रुग्णाच्या संपर्कात आलं, तर ७२ तासांत दिलेली लस आजार टाळू किंवा सौम्य करू शकते.

लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबायचं, कारण तीव्र ॲलर्जी दहा लाखांत एखाद्याला होते आणि ती लगेच दिसते. ताप येतो तो मात्र पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान, काहींना बारीक पुरळही उठतं. दंडावर शेक किंवा मलम नको, तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरतं. सर्दी, खोकला, किरकोळ जुलाब, अंड्याची ॲलर्जी, कमी वजन यांपैकी कशासाठीही लस पुढे ढकलू नये. कुपोषित बाळाला तर ती आधी हवी. थांबायचं ते प्रतिकारशक्ती फार खालावलेली असताना, स्टेरॉइडचे मोठे डोस किंवा केमोथेरपी चालू असताना, बाळाला नुकतंच रक्त चढवलेलं असताना किंवा आधीच्या मात्रेला तीव्र ॲलर्जी आलेली असताना. तेही डॉक्टरांशी बोलून. पहिल्या मात्रेबरोबर जीवनसत्त्व ‘अ’चा १ मिलीचा डोस, म्हणजे एक लाख युनिट, मागून घ्यावा.

वेळ चुकली तरी पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रावर एमआर मोफत मिळते, दोन मात्रांमध्ये किमान चार आठवडे ठेवून. घर बदलताना माता-बाल संरक्षण कार्ड भांड्यांच्या पोत्यात न टाकता आधारकार्डाबरोबर ठेवावं आणि त्याचा फोटो काढून ठेवावा. खासगी दवाखान्यातल्या एमएमआरची नोंदही त्याच कार्डावर करून घ्यावी. कार्ड हरवलं आणि आठवत नसेल, तर मूल लस न मिळालेलं समजून पुन्हा टोचतात. त्याने काही बिघडत नाही.