कार्बन डायसल्फाइड

कार्बन डायसल्फाइड : कार्बन व गंधक यांचे द्रवरूप संयुग. सूत्र सीएस२, रेणुभार ७६.१४. जुन्या पाठ्यपुस्तकांत कार्बन बायसल्फाइड हे नाव आढळते. रेयॉनच्या (कृत्रिम रेशमाच्या) कारखान्यांत मात्र याला नुसते ‘सीएसटू’ म्हणतात. शुद्ध द्रव रंगहीन असून त्याला ईथरसारखा गोडसर वास असतो. बाजारात मिळणाऱ्या मालाला येणारी सडक्या मुळ्याची दुर्गंधी त्याची स्वतःची नव्हे, त्यात मिसळलेल्या इतर गंधकसंयुगांची असते. उकळबिंदू ४६.३° से.; २०° से. तापमानास घनता १.२६. चरबी, मेण, रबर, गंधक, आयोडीन व पांढरा फॉस्फरस यात सहज विरघळतात. पाण्यात हा फारच थोडा, लिटरला सुमारे २ ग्रॅम, विरघळतो.

शोध : या संयुगाच्या शोधाचे वर्ष सामान्यतः १७९६ धरतात. सॅक्सनीतील फ्रायबेर्गच्या खाणविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे विल्हेल्म ऑगुस्ट लाम्पाडियुस हे दगडी कोळसा आणि लोहमाक्षिक (पायराइट) एकत्र तापवीत असता हा द्रव त्यांच्या हाती लागला. त्यांनी त्याला ‘गंधकाचे अल्कोहोल’ म्हटले. हे नाव आज विचित्र वाटते. पण त्या काळी अल्कोहोल हा शब्द कोणत्याही उडून जाणाऱ्या अर्काला लावीत. हा द्रव गंधक व हायड्रोजन यांचा बनलेला असावा असे त्यांचे मत होते. सुमारे १८०२ मध्ये फ्रान्समधील निकोला क्लेमाँ व शार्ल देझॉर्म यांनी लाल तापलेल्या लोणारी कोळशावरून गंधकाची वाफ नेऊन स्वतंत्रपणे हाच द्रव मिळवला व त्यात कार्बन असल्याचे सांगितले. बेर्तोले यांच्यासारख्या दबदबा असलेल्या रसायनज्ञाचा कल हायड्रोजनाच्या बाजूने असल्याने वाद दहा-अकरा वर्षे रेंगाळला. १८१३ मध्ये स्वीडिश रसायनज्ञ बर्झीलियस आणि अलेक्झांडर मार्से यांनी परिमाणात्मक विश्लेषणाने हायड्रोजनाचा प्रश्न निकालात काढला. काही ग्रंथ शोधाचे श्रेय फ्रेंच जोडीला देतात. द्रव प्रथम वेगळा करण्याचा मान लाम्पाडियुस यांना आणि घटक ओळखण्याचा मान क्लेमाँ-देझॉर्म यांना देणे अधिक रास्त दिसते.

निर्मितीची मूळ कोळसा-गंधक पद्धत दीडशे वर्षे टिकली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मिथेन व गंधकवाफ यांची सुमारे ६००° से. तापमानास उत्प्रेरकावर विक्रिया घडवण्याची पद्धत तिची जागा घेत गेली.

ज्वालाग्राहिता : औद्योगिक विद्रावकांत पेट घेण्याच्या बाबतीत याची बरोबरी करणारे फार थोडे आहेत. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगी दाखवल्यास वरचे बाष्प पेट घेईल असे किमान तापमान, उणे ३०° से. आहे. हवेतील बाष्पाचे प्रमाण १.३ ते ५० टक्के यांच्या दरम्यान कुठेही असले तरी मिश्रण स्फोटक असते. पेट्रोलच्या बाष्पाची वरची मर्यादा सात-आठ टक्क्यांवर संपते, हे लक्षात घेतले म्हणजे ५० या आकड्याचा अर्थ कळतो. पेट घ्यायला लागणारी ऊर्जाही अत्यल्प, ०.००९ मिलिज्यूलच्या आसपास, आहे; हाताला जाणवणारही नाही इतकी स्थितिक विजेची ठिणगी तेवढ्याला पुरते.

खरा घातक आकडा मात्र स्वयंप्रज्वलन तापमानाचा, म्हणजे ज्योत वा ठिणगी न लावता बाष्प आपोआप पेटेल अशा तापमानाचा, आहे, आणि त्यावरच ग्रंथांचे एकमत नाही. बहुतेक सुरक्षा-कोष्टके ९०° से. देतात; युरोपीय कोष्टकांत १०० च्या किंचित वरचा आकडा दिसतो, तर जुन्या ग्रंथांत १२५ पर्यंतचे आकडे आढळतात. हा फरक निष्काळजीपणामुळे पडलेला नाही. स्वयंप्रज्वलन तापमान हा उकळबिंदूसारखा पदार्थाचा पक्का गुण नसून भांडे केवढे, त्याचा पृष्ठभाग कसला, पेटण्याची वाट किती वेळ पाहिली, यांवर ते अवलंबून असते. मोठ्या भांड्यात आणि सावकाश केलेल्या प्रयोगात ते खाली येते. संरक्षणाची आखणी करताना ९०° धरणेच योग्य. याचा अर्थ असा की, उकळत्या पाण्याचे भांडे, वाफेची उघडी नळी किंवा तापलेला दिव्याचा गोळा एवढे या बाष्पाला पेटवण्यास पुरेसे आहे. ज्योत किंवा ठिणगी लागत नाही. प्रयोगशाळेत हे दाखवायची जुनी रीत अशी : काचेची कांडी दिव्यावर तापवून, कागदाला लावली तरी तो करपणार नाही इतकी निवू द्यायची आणि मग बाष्पात धरायची. निळी, दिवसा जेमतेम दिसणारी ज्योत भपकन उठते. ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड आणि घसा धरणारा सल्फर डायऑक्साइड निघतो.

विद्युत् उपकरणांच्या पृष्ठभाग-तापमानाच्या वर्गवारीत सर्वांत कडक वर्ग टी-६, म्हणजे कमाल ८५° से.; तो मुख्यतः याच पदार्थासाठी वापरावा लागतो. त्यातही ९० पासून अंतर अवघे पाच अंशांचे उरते.

बाष्प हवेच्या २.६ पट जड असल्याने ते वर जाऊन विरत नाही. जमिनीलगत, गटारातून, केबलच्या चरांतून ते दूरवर सरकते आणि तिथे काही तापलेले भेटल्यास आग उलट मूळ गळतीपर्यंत धावत येते.

साठवण व हाताळणी : पाण्याहून जड आणि पाण्यात न मिसळणारा, या दोन गुणांवर हाताळणीची सारी युक्ती उभी आहे. टाकीत द्रवावर पाण्याचा थर राखतात. त्यामुळे बाष्प हवेला भेटतच नाही. टाक्या पाण्याने भरलेल्या काँक्रीटच्या हौदात बसवतात, म्हणजे गळती झाली तरी द्रव तळाशी, पाण्याखाली जमतो. टाकीला खालून तोटी ठेवत नाहीत. द्रव हलवायचा असेल तेव्हा वरून पाणी दाबतात आणि तळापर्यंत गेलेल्या नळीतून तेवढाच द्रव वर चढतो; टाकी रिकामी झाल्यावर तिच्यात हवेऐवजी पाणी भरलेले असते. जिथे पाणी चालत नाही तिथे नायट्रोजनचे आच्छादन देतात. पाण्याची पातळी तपासणे हे पाळीतले काम कंटाळवाणे म्हणून टाळले जाते आणि धोका बहुधा तिथेच शिरतो.

द्रव विजेचा मंद वाहक असल्याने नळीतून वेगाने वाहताना किंवा उंचावरून पडताना त्यात स्थितिक भार साचतो. म्हणून टँकर व टाकी एकमेकांस आणि जमिनीस तारेने जोडल्याशिवाय उतराई सुरू करीत नाहीत. पाने-हातोडे ठिणगी न पडणाऱ्या मिश्रधातूचे वापरतात. रबरी वायसर फुगून विरतात. त्याऐवजी टेफ्लॉन वापरावे लागते. उन्हाळ्यात पारा ४०° से. वर गेला की बाष्पदाब ६०० मिमी. ओलांडतो, म्हणजे द्रव उकळण्याच्या उंबरठ्यावर असतो. अशा दिवसांत टाक्यांवर पाण्याचे फवारे चालू ठेवतात. रस्त्यावरील टँकरच्या फलकावर याचा संयुक्त राष्ट्रे क्रमांक ११३१ लिहिलेला असतो.

आग लागल्यास पाणी, पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड चालतो. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये हा नियम इथे उलटतो : सावकाश सोडलेले पाणी द्रवावर तरंगून त्याला झाकते. मात्र तापलेला पत्रा वा लोखंड निवेपर्यंत विझलेली आग परत पेट घेऊ शकते. १३ मे १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्यात या द्रवाची ८० पिंपे नेणारा ट्रक पेटला. एक पिंप सुटून फुटले असावे असे मानतात. ६६ जण जखमी झाले, त्यांतले पुष्कळ धुराने.

विषारीपणा : आगीच्या मानाने कमी गवगवा झालेला, पण माणसांचे अधिक नुकसान केलेला भाग हा आहे. १८४६ मध्ये अलेक्झांडर पार्क्स यांनी रबर थंड अवस्थेत पक्के करण्याची कृती शोधली. तिच्यात कार्बन डायसल्फाइडात विरघळवलेले गंधक क्लोराइड लागे. पॅरिसमध्ये फुगे व तत्सम पातळ रबरी वस्तू करणाऱ्या, घरवजा कोंदट खोल्यांत काम करणाऱ्या कामगारांत ऑग्यूस्त देल्पेश या वैद्यांना १८५६ च्या सुमारास एक ठरावीक रोगचित्र दिसले : आधी बडबड, संताप, कामवासनेचा अतिरेक, मग विस्मृती, हातापायांतली शक्ती जाणे व नपुंसकत्व. पॅरिसमधील मज्जातंतुविकारतज्ज्ञ चार्को यांनी १८८८ च्या एका व्याख्यानात अशा रोग्याचे निदान ‘हिस्टेरिया’ असे केले. ते मत आता मागे पडले असून देल्पेश यांचे विषबाधेचे निदानच ग्राह्य मानतात. रबर कारखान्यात भ्रमिष्ट कामगारांनी उड्या घेऊ नयेत म्हणून खिडक्यांना गज बसवल्याचे इंग्लंडमधील टॉमस ऑलिव्हर यांनी १९०२ मध्ये नोंदवले आहे.

१८९२ मध्ये क्रॉस, बेव्हन व बीडल यांनी व्हिस्कोजचे (रेयॉनचा धागा ज्यातून काढतात त्या दाट द्रवाचे) पेटंट घेतले आणि विषबाधेचे ठिकाण रबराकडून रेयॉनकडे सरकले. अल्कलीत मुरवलेल्या लाकडाच्या लगद्यावर हा द्रव सोडला की झँथेट हे नारिंगी संयुग बनते. ते पातळ कॉस्टिक सोड्यात विरघळवून आम्लाच्या कुंडात बारीक छिद्रांतून सोडले की धागा होतो, आणि द्रवाचा मोठा भाग हायड्रोजन सल्फाइडासह तिथेच बाष्परूपाने परत बाहेर पडतो. स्फोटाची भीती झँथेट करणाऱ्या पिंपापाशी, तर विषबाधेची सूतकताईच्या खात्यात. कारण तिथे तुटलेला धागा जोडायला कामगाराला झाकण उघडून कुंडावर वाकावे लागते. या कामगारांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक असल्याचे १९६८ मध्ये ब्रिटनमधील व्हिस्कोज कामगारांच्या पाहणीतून पुढे आले. पुढे फिनलंडमधील अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला. दक्षिण कोरियातील वोन्जिन रेयॉन हा कारखाना जपानमधून आणलेल्या जुन्या यंत्रांवर चालत असे. शेकडो कामगारांना विषबाधा झाल्यावर १९९३ मध्ये तो बंद झाला आणि यंत्रे चीनला विकली गेली.

भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत ही विषबाधा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत होती. दुसऱ्या अनुसूचीतील मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांत १० भाग होती. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस १ भागाची आहे. वासावर विसंबता येत नाही, कारण थोड्या वेळात नाकाला त्याची सवय होते. द्रव त्वचेतूनही शोषला जातो. महाराष्ट्रात याचा वापर मुख्यतः कल्याणजवळच्या शहाड व मोहने येथील रेयॉन कारखान्यांत झाला. मोहन्याचा कारखाना पुढे बंद पडला.