दुखणं मनगटात, शोध मानेत

मध्यरात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते. अंगठा आणि शेजारची दोन बोटं सुजल्यासारखी वाटतात, दिवा लावून पाहावं तर सूज नाही. हात झटकला की जरा बरं वाटतं. या दुखण्याला आज कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. बोस्टनच्या डॉक्टर जेम्स पटनम यांनी १८८० सालीच असे ३७ रुग्ण नोंदवले होते, बहुतेक बायका. हात झटकण्याचा उल्लेखही त्यात आहे. दुखण्याचा पत्ता मात्र त्यांना लागला नाही.

तो पत्ता मनगटात होता. तिथे हाडांच्या कमानीवर एक जाड आडवा पट्टा ताणलेला असतो. खालच्या चिंचोळ्या बोळातून बोटं मिटणाऱ्या ९ कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि अंगठ्याकडच्या बोटांची मीडियन नस जाते. कंडरांवरचं आवरण सुजलं की चेपते ती नस. करंगळीची नस या बोळातून जातच नाही, म्हणून करंगळी शाबूत राहते.

१९१३ साली पॅरिसमध्ये मारी आणि फुआ या डॉक्टरांनी एका ८० वर्षांच्या मृत रुग्णाचं मनगट उघडलं. अंगठ्याखालची गादी झिजलेली, नस पट्ट्याच्या अलीकडे फुगलेली. वेळीच पट्टा कापला तर हे टळेल, असं त्यांनी लिहूनही ठेवलं. पण पुढची तीसेक वर्षं हाताच्या नसा मानेजवळच्या बरगडीमुळे दबतात असाच बऱ्याच डॉक्टरांचा संशय राहिला, आणि कित्येकांच्या बरगड्या विनाकारण कापल्या गेल्या!

१९४७ मध्ये लंडनच्या रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी सहा बायकांच्या मनगटातला पट्टा कापून गुण आल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा मत पालटलं. पुढे क्लीव्हलंडच्या जॉर्ज फेलन यांनी निदान सोपं केलं: मनगटं खाली वाकवून मिनिटभर धरा, मुंग्या आल्या तर संशय पक्का. १९५६ मध्ये सिम्पसन यांनी मनगटापाशी नसेतला संदेश मंदावतो हे यंत्रावर मोजून दाखवलं. तीच तपासणी सुधारून आजही होते.

दोष कॉम्प्युटरवर टाकायची सवय अलीकडची. पटनमच्या काळात कॉम्प्युटर कुठे होते? मधुमेह, थायरॉइड, संधिवात, गरोदरपण ही कारणं आधी तपासलेली बरी.

उपचारात सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा आधार (स्प्लिंट), मग स्टेरॉइडचं इंजेक्शन. अंगठ्याची गादी झिजू लागली तर मात्र मारी-फुआंनी सुचवलेला तोच छेद.