पार्श्वभूमी : फोटोत न निघणारं दुखणं

चोपडा तालुक्यात माझ्या आत्याच्या घरी खुंटीला एक्स-रेचं मोठं पाकीट टांगलेलं आहे. वर्षानुवर्षं कापूस वेचून तिची कंबर धरली. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, यात काही नाही, मनाचं आहे. घरी येऊन ती म्हणाली, ‘फोटोमा काही निंघनं नही, मंग मी काय खोटं बोलस का?’

‘मनाचं आहे’ हे आपल्याकडे आरोपासारखं ऐकू येतं. मला त्याचा राग येतो, कारण मन आणि शरीर एकत्र धरून जुनाट दुखण्यावर उपचार करण्याची जी पद्धत आज जगभर रुळली आहे, तिची पहिली अटच रोग्याचं दुखणं खरं मानण्याची आहे. तिथवर पोचायला वैद्यकाला तीनशे वर्षं लागली.

सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त यानं एक चित्र मांडलं. पाय विस्तवाजवळ गेला की आतला दोरा ओढला जातो आणि मेंदूत घंटा वाजते. जेवढी जखम, तेवढं दुखणं. आत्याचा फोटो पाहणाऱ्या डॉक्टरांचा हिशोबही हाच होता : जखम दिसत नाही, मग दुखेल कुठून?

या हिशोबाला मोठा तडा गेला तो युद्धात. १९४४ साली इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांनी पाहिलं, की गंभीर जखमी झालेले कितीतरी सैनिक वेदनेवरचं औषध मागतच नाहीत. त्या जखमेचा अर्थ त्यांच्या लेखी ‘सुटलो, आता जिवंत घरी जाणार’ असा होता, असं बीचर यांनी लिहिलं. जखमेचा अर्थ बदलला की दुखणंही बदलतं, ही गोष्ट त्या काळी नवी होती.

त्यामागची यंत्रणा १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी मांडली. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो आणि बरं वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की मज्जारज्जूत एक फाटक असतं. चोळण्याचा स्पर्श ते फाटक थोडं लोटून घेतो आणि वेदनेची वर्दी कमी जाते. मेंदूही वरून हुकूम सोडून ते उघडतो किंवा मिटतो. भीती, जागरण, घरातली काळजी यांचा दुखण्याशी संबंध लागतो तो इथे. त्यांच्या सिद्धान्ताचे तपशील पुढे बदलले, पण वरून येणाऱ्या हुकमाची गोष्ट टिकली. १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी दाखवलं, की इजा झाल्यावर मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होऊन बसतात. मूळ इजा भरून आली तरी असा हळवेपणा उरू शकतो, आणि एक्स-रेत तर हाडं दिसतात, हळव्या झालेल्या नसा दिसत नाहीत. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये मंजूर झालेल्या रोगवर्गीकरणात स्वतंत्र जागाही मिळाली आहे.

आता थोडं आपल्या अमळनेरकडे वळतो. खानदेश शिक्षण मंडळाच्या तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद. ते महाविद्यालय १९२३ मध्ये बंद पडलं आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. नौली, उड्डियान या पोटाच्या योगक्रिया करताना पोटातला दाब किती बदलतो हे त्यांनी यंत्र लावून मोजलं, एक्स-रे काढले. त्यांचा विषय दुखणं नव्हता, हे खरं. पण योग प्रयोगशाळेत नेऊन तपासायचा, हा रस्ता ज्यांनी पाडला त्यांतला एक माणूस आपल्या अमळनेरात शिकवत होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

दुसरा रस्ता भुसावळहून मुंबईला जाताना लागणाऱ्या इगतपुरीचा. ब्रह्मदेशातले व्यापारी सत्यनारायण गोएंका यांची अर्धशिशी इतकी तीव्र होती, की मॉर्फिन टोचून घ्यावं लागे. १९५५ मध्ये ते विपश्यना ध्यान शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा निव्वळ डोकेदुखीसाठी आला असाल तर नको, असं गुरूंनी त्यांना बजावलं होतं. गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं.

तिकडे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका विद्यापीठ रुग्णालयात विपश्यना, झेन आणि हठयोग यांतून धार्मिक भाग वगळून एक अभ्यासक्रम बांधला. औषधांनी भागलं नाही असे रोगी त्यांच्याकडे येत. त्याचा आजचा नमुना आठ आठवड्यांचा आहे. पाठदुखीच्या ३४२ रुग्णांवर झालेला त्याचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी रोजच्या हालचालीत जाणवण्याजोगा फरक पडलेले लोक या अभ्यासक्रमात सुमारे ६१ टक्के होते, विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या विचार-वर्तन उपचारात ५८ आणि नेहमीच्या उपचारात ४४. फरक चमत्काराचा नाही, पण गोळ्यांवर दिवस काढणाऱ्याला तो लहानही नाही. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी औषधाआधी व्यायाम, योग, ध्यान सुचवलं. (पायातली ताकद गेली, लघवी अडली, ताप आला, वजन उतरलं तर आधी डॉक्टरच गाठायचा.)

माझ्या मते खानदेशाच्या सर्वात कामाची गोष्ट मात्र मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोरडाइस यांची आहे. साठच्या दशकात सिएटलमध्ये त्यांनी रोग्यांना दुखेपर्यंत राबणं आणि मग आडवं पडणं सोडायला लावलं. किती काम करून थांबायचं ते आधीच ठरवायचं, दुखो न दुखो तिथे थांबायचं, आणि तो आकडा हळूहळू वाढवायचा.

आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, वेचणीची मजुरी किलोवर असते, थांबेल त्याचं वजन कमी भरतं. तरी गेल्या दिवाळीनंतर तिनं करून पाहिलं. दोन ओळी झाल्या की कमरेची ओटी सोडून बांधावर बसायची, दहा श्वास मोजायची, मग पुढची ओळ धरायची. संध्याकाळी काट्यावर तिचा कापूस जावेपेक्षा चार किलो कमी भरला. त्या रात्री भाकरी तिनं स्वतः थापल्या.