वस्तऱ्याचा शेवटचा दगड: नंबरापेक्षा कण बघा

वस्तऱ्याला धार लावताना शेवटचा दगड धार तयार करत नाही. ती आधीच तयार असावी लागते. आधीच्या दगडाने पाडलेले ओरखडे उथळ करायचे आणि कडा एकसारखी करायची, एवढंच त्याचं काम. हे माहीत नसलं की महागड्या नैसर्गिक दगडावर तासभर घासूनही वस्तरा केस ओढतच राहतो.

म्हणून दगड घेण्याआधी वस्तरा तपासा. धारेच्या दोन्ही उतारांवर, म्हणजे कडेशी मिळणाऱ्या निमुळत्या बाजूंवर, मार्करची शाई लावा आणि १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा, तितके कण बारीक) हलक्या हाताने दोन-चारदा फिरवा. अगदी कडेलगत शाई उरली, तर दोन्ही उतार अजून एकमेकांना भिडलेले नाहीत. ते टोकापासून टाचेपर्यंत, म्हणजे मुठीकडच्या टोकापर्यंत, भिडले की मग ४०००, त्यानंतर ८०००. मनगटावरचे केस सहज उडायला लागल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दगड सपाट हवा, यामागे साधी भूमिती आहे. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, त्यामुळे कोन हाताने धरावा लागत नाही. पाठ ५ मिमी जाड आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १८ मिमी असेल, तर कोन सुमारे १६ अंश येतो. दगड मधे खोलगट झाला की हा हिशोब बिघडतो आणि काही ठिकाणी दगड धारेला लागतच नाही.

आता नंबराचा प्रश्न. ८००० नंबरच्या कृत्रिम दगडातले कण साधारण १ मायक्रॉनचे (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. बेल्जियममध्ये आर्देनच्या डोंगराळ भागात, साल्म नदीच्या खोऱ्यात मिळणाऱ्या पिवळसर कोटिक्यूल दगडातले गार्नेट या कठीण खनिजाचे कण ५ ते २० मायक्रॉनचे, म्हणजे कितीतरी मोठे. तरीही त्याची धार ८००० च्या पुढची आणि गालाला मऊ लागते. कारण ओरखड्याची खोली केवळ कणाच्या आकारमानावर ठरत नाही. कणाचे कोपरे किती टोकदार आहेत आणि तो पृष्ठभागाच्या किती वर आलेला आहे, यावरही ती ठरते. गार्नेटचे स्फटिक अनेक पैलूंचे, जवळपास गोलसर असतात आणि अभ्रकाच्या मऊ थरात बसलेले असतात, सारवलेल्या अंगणात अर्धे रुतलेले जोंधळे असावेत तसे. पोलादात ते थोडेच शिरतात.

याच दगडावर छोटा दगड घासून दुधासारखी लगदी काढली, तर गार्नेटचे कण सुटे होतात आणि दगड भराभर पोलाद कापतो. पण तेच सुटे कण समोरून धारेवर आदळतात आणि तिला बोथट करतात. लगदी जितकी दाट, तितका वेग जास्त आणि धार कमी. त्यामुळे दाट लगदीवर सुरुवात करून बोट बुडवून एकेक थेंब पाणी वाढवत जायचं, आणि शेवटचे ४०-५० हात (फेऱ्या) नितळ पाण्यावर, फक्त वस्तऱ्याच्या वजनाने द्यायचे. पातळ करण्याची घाई केली, तर बोथटलेली कडा नुसत्या पाण्यावर सुधारत नाही. पुन्हा थोडी लगदी काढून मागे यावं लागतं. अनेकांना ‘दगड खराब निघाला’ असं वाटतं ते नेमकं इथे.

अमेरिकेतल्या आर्कान्सास राज्यातला नोव्हॅक्युलाइट दगड याच्या अगदी उलट. तो जवळजवळ शुद्ध सिलिका. क्वार्ट्झचे सूक्ष्म कण एकमेकांत घट्ट गुंतलेले. कण सुटत नाहीत, लगदी होत नाही. त्यामुळे तो किती बारीक काम करेल हे त्याचा पृष्ठभाग किती गुळगुळीत केलाय यावर ठरतं. नवा दगड करवतीने कापलेला, खरबरीत येतो. काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी घेऊन २२०, ४००, ६०० अशा क्रमाने तो घासावा. मेहनतीचं काम आहे, पण ते टाळून हा दगड कामाचा होत नाही. वापरताना हलकं तेल किंवा साबणाचं पाणी चालतं. दाब दिला तर मात्र कडेचे बारीक टवके उडतात. जर्मनीतले थुरिंगियाचे स्लेट दगड नवशिक्यांना सोपे, पण बाजारात मुख्यतः जुनेच फिरतात आणि महाग पडतात. क्योटो परिसरातले जपानी दगड उत्तम असले तरी प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. थरांचे असतील तर बाजूंना लाख किंवा रोगण लावून बंद करावेत, नाहीतर पाणी आत शिरून थर सुटतात.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला साहजिकच वाटतं, आपल्याकडे दगडाला काय तोटा? घरातली शहाबादी फरशी आणि ओट्याचा कडप्पा दिसायला गुळगुळीत असतात, पण दोन्ही चुनखडक. त्यातल्या कॅल्साइट या खनिजाची काठिण्यपातळी १ ते १० च्या मापात ३, तर कडक केलेलं पोलाद साडेसहाच्या आसपास. ते पोलाद कापणार कसं? जांभा सच्छिद्र, तो सोडूनच द्या. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या बेसाल्टमधली खनिजं कठीण आहेत, पण फार तर पोलादाइतकीच, आणि त्यात पोकळ्याही असतात. गोकाकच्या धबधब्याखालचा वालुकाश्म क्वार्ट्झचाच, काठिण्य ७. पण वाळूचा कण म्हणजे किमान ६० मायक्रॉन. कोयत्याला ठीक, वस्तऱ्याला नाही. बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारा अकीक मात्र खरोखर कामाचा: अतिसूक्ष्म क्वार्ट्झ, नोव्हॅक्युलाइटसारखाच वागणारा. अडचण एवढीच, की भेगा नसलेली पुरेशी मोठी चकती मिळणं कठीण, आणि ती सपाट करायला फार वेळ लागतो.

अनोळखी दगड विकत घेताना मागच्या कोपऱ्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकून भिंगातून बघा. बुडबुडे आले तर चुनखडक. बुडबुडे नाही आले म्हणून तो नक्की चुनखडक नाही असं मात्र समजू नका; थोडी पूड खरवडून तिच्यावर पुन्हा थेंब टाका. सुईने ओरखडा पडला एवढ्यावरून दगड नाकारू नये, कारण स्लेट मऊ असूनही तिच्यातले क्वार्ट्झचे बारीक कण पोलाद कापतात. १० पट भिंगाखाली वेगळ्या रंगाच्या शिरा शोधा आणि जुना ब्लेड त्यांच्यावरून फिरवा. खर्रकन आवाज आला किंवा हाताला अडलं, तर तिथे परका कण आहे. असा एकच कण सगळी धार फाडतो. आकार १५० बाय ५० मिमी पुरे. वस्तऱ्याचं पातं साधारण ७५ मिमी लांब असल्याने अशा दगडावर हात तिरका, टाचेकडून टोकाकडे सरकवत न्यावा लागतो.

सपाटपणासाठी दगडावर पेन्सिलने चौकटी आखा आणि जाड काचेवर ४०० नंबरचा पाण्यात चालणारा पॉलिशपेपर ठेवून सगळ्या रेघा एकदम पुसल्या जाईपर्यंत घासा. दगडाच्या कडाही थोड्या गोलसर करा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा ते गाळून, निवळूनच दगडावर घ्या. त्यातली रेतीही परका कणच.

शेवटी पट्टा, म्हणजे दगडानंतर वस्तरा फिरवायची कातड्याची पट्टी. झाडाच्या सालीने कमावलेलं कातडं चांगलं, आणि ते आपल्याकडे अथणी-निपाणीच्या चपला करणाऱ्या कारागिरांकडे मिळतं. सुरकुती किंवा उंचवटा नसलेला तुकडा निवडा, ताणून धरा, आणि पाठ पुढे ठेवून ५०-६० हात द्या. पट्टा सैल राहिला तर कडा वळते आणि दगडावर घेतलेले कष्ट वाया जातात. काम झाल्यावर पातं कोरडं करून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खानापूरच्या पावसात रात्रभर ओलं राहिलेलं पातं सकाळी गंजाचे ठिपके दाखवतं, आणि ते कडेवर पडले असतील तर पुन्हा १००० नंबरपासून सुरुवात करावी लागते.