ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी : तुलना

हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी या परवानाराजच्या काळातल्या दोन प्रमुख भारतीय मोटारगाड्या. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० येईपर्यंत नवी गाडी घेणाऱ्याला बहुधा या दोघींतूनच निवड करावी लागे. स्टँडर्ड हेरल्ड होती, पण तिचा खप बेताचाच.

दोघींचे मूळ परदेशी. उत्तरपाड्याच्या (पश्चिम बंगाल) कारखान्यात तयार होणारी ॲम्बॅसेडर ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली होती, तर मुंबईत कुर्ल्याला बनणारी पद्मिनी इटलीच्या फियाट ११०० डी वर. पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. रस्त्यावर मात्र ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

ॲम्बॅसेडरचे पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचे, पद्मिनीचे १०८९ सीसीचे. ताकद अनुक्रमे सुमारे ५० आणि ४० अश्वशक्ती. एवढ्यावरून ॲम्बॅसेडर सरस ठरवणे घाईचे होईल. तिचे वजन ११०० किलोच्या आसपास, पद्मिनीचे ९०० च्या. म्हणजे दर टनामागे दोघींना साधारण ४५ अश्वशक्तीच मिळते. पाच माणसे आणि सामान मिळून ४०० किलो चढवले, तर ॲम्बॅसेडरला टनामागे ३३ आणि पद्मिनीला ३१ उरतात. भरलेल्या गाडीने घाट चढताना जड गाडी किंचित सरस ठरते ती यामुळे. जुन्या पत्रकांत अश्वशक्ती कधी नुसत्या इंजिनाची, तर कधी पंखा, डायनॅमो, सायलेन्सर यांसकट मोजलेली असते. म्हणून एक-दोन आकड्यांच्या फरकावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

इंजिनांचा स्वभाव खरा वेगळा. ॲम्बॅसेडरच्या पिस्टनचा व्यास ७३ मिमी आणि धाव तब्बल ८८.९ मिमी. असे इंजिन कमी फेऱ्यांतही ओढ देते, गिअर वारंवार बदलावा लागत नाही. पण फेऱ्या वाढवल्या की कुरकुरते. पद्मिनीचे ६८ आणि ७५ मिमी. ते फिरायला मोकळे. त्याला पळवावे लागते.

दोन्ही गाड्यांत चार गिअर, दांडा बराच काळ स्टिअरिंगला, ताकद मागच्या चाकांना. धक्के झेलायला मागे दोघींनाही पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. पुढे मात्र पद्मिनीला कॉइल स्प्रिंग, तर ॲम्बॅसेडरला पिळाच्या दांड्या, म्हणजे टॉर्शन बार. ॲम्बॅसेडरची चाके १५ इंची, पद्मिनीची १४ इंची. दोन आसांतले अंतर अनुक्रमे २४६४ आणि २३४० मिमी. मागच्या सीटवर पाय पसरायला मिळणारी जागा या सव्वाशे मिलिमीटरांतून येते, आणि गर्दीत गाडी वळवताना पद्मिनीला होणारा फायदाही यातूनच.

तुलना करताना मॉडेलचे वर्ष पाहणे आवश्यक आहे. दोघींच्याही डिझेल आवृत्त्या निघाल्या, शिवाय अनेक मालकांनी नंतर इंजिने बदलून घेतली. १९९० च्या दशकात ॲम्बॅसेडरला इसुझूचे १८१७ सीसी इंजिन आणि पाच गिअर मिळाले. त्या गाडीला वरचे आकडे लागू होत नाहीत.